सहाव्या घाटाचं गवत

नाही, उलिमातानं नाही काढलं ते गवत. मी काढलं. ह्या हातांनी काढलं — बघा, अजून भेगांत हिरवं आहे — आणि प्रोफेसर, डाकारहून एवढ्या लांब आलाच आहात तर नीट बसा, तिकडे नको, तिथे मेंढी येते, इकडे सावलीत चटईवर बसा आणि ऐका. आमच्या उलीला परत बोलावून घेतलंत, तिचं शिक्षण थांबवलंत, आणि आता चौकशीला आमच्या गावात येताय. उलट करायला हवं होतं ना? आधी विचारायचं, मग थांबवायचं. दीड वर्षावर ती माझ्या घरात राहिली, आमच्याच परातीत जेवली, मला याय म्हणते, सख्ख्या आईला म्हणावं तसं. दहा दिवस झाले, तिचा फोन लागत नाही. तर मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

ती कशावर शिकत होती ते मला माहीत नाही असं समजू नका. मला सगळं पाठ आहे. ह्या तळ्यावरचे आठ घाट. चारांवरचं पाणगवत दर तीन महिन्यांनी उपटायचं, चार तसेच ठेवायचे, आणि मग मोजायचं — कुठे गोगलगायी किती, कुठल्या गावच्या पोरांच्या लघवीत रक्त किती. गोगलगाय गवतावर राहते, तिच्या पोटात तो किडा वाढतो, तिथून पाण्यात सुटतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो, दिसत नाही की चावत नाही. चारांशी चार ताडून बघितले की कळणार, गवत काढून उपयोग होतो की नाही. आणि कुठले चार काढायचे, कुठले ठेवायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, म्हणजे कुणी कुणाला झुकतं माप दिलं असं नको. आमच्या गावची चिठ्ठी कुणी उचलली? मीच. बायकांनी पुढे ढकललं, अराम, तू उचल, तुझा हात चांगला. उलीनं उघडून वाचली — घाट सहा, आहे तसा ठेवायचा. मी हसले तेव्हा. म्हटलं, बरं झालं, काम वाचलं.

गोळ्या दिल्या की, असं म्हणताय ना? दिल्या. आठही गावांना दिल्या, पोरांना काठीला उभं करून, उंची बघून. नाही कोण म्हणतंय? पोरं बरी झाली. मग पुढे? धुणं कुठे धुवायचं, भांडी कुठे घासायची? नळ आहे, तो बघा तिथे, आठवड्यातून दोन दिवस पाणी येतं, तेही आलं तर. सहा महिन्यांत पोरं पुन्हा लाल मुतायला लागली. आणि पाचव्या घाटावर, जिथलं गवत तुम्ही काढत होतात, तिथल्या पोरांचं काय? तुमच्या कागदात असेलच ते. मला कागद वाचता येत नाही, पण त्या गावात माझी बहीण दिलीय, तिची पोरं परत लाल मुतली नाहीत, मला कागद कशाला हवा.

मुलाला रक्त गेलं तर आमच्याकडचे पुरुष हसतात, म्हणतात, मर्द झाला. मुलीला गेलं तर कुणी हसत नाही. माझी नोगाये, बारा वर्षांची. पाळी यायची होती अजून. तिच्या कपड्याला डाग दिसला, माझ्या सासूनं नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, तुमचा काय संबंध — मी तिला मारलं. कोण आहे तो, सांग, म्हणून केरसुणीनं मारलं. ती म्हणत होती, याय, लघवी करताना जळतं गं, आणि मी म्हणत होते, खोटं बोलतेस. तीन दिवस बोलले नाही तिच्याशी. मग उलीनं तिची लघवी बाटलीत घेतली, आणि मला हाताला धरून तिच्या भिंगाच्या यंत्रापाशी बसवलं, बघ म्हणाली, डोळा लावून बघ. बारीक बारीक अंडी. प्रत्येकाला एका टोकाला काटा. तो काटा पोरीला आतून टोचत होता आणि बाहेरून मी होते. घ्या, चहा घ्या. कडू आहे, पहिला कडूच असतो.

तिला परत गोळ्या मिळाल्या, ती बरी झाली, आणि परत त्याच घाटावर धुणं घेऊन गेली. घरात किती दिवस कोंडून ठेवू? मी उलीला म्हटलं, आपलं गवत काढू या. ती म्हणाली, याय, सातच महिने थांब. तुझा घाट मध्येच बदलला तर मला काही सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध झालं तर अख्ख्या तळ्याचं गवत निघेल, सगळ्या गावांचं. खोटं नव्हती बोलत. मला पटलंसुद्धा. पण मी म्हटलं, तुझे सात महिने म्हणजे माझ्या नोगायेचे किती दिवस ते मोज, मोजण्यात तू हुशार आहेस. ती उठून गेली. जेवलीही नाही त्या दिवशी.

तर उतरलो आम्ही. बारा बायका, चार दिवस, उजाडल्यावर लगेच, कारण ऊन चढलं की किडे पाण्यात सुटतात — बघा, मला हेही माहीत आहे. कोयत्यानं कापलं, दाताळ्यानं ओढलं, मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून आळीपाळीनं, ढीग ह्या घराएवढा झाला. मेंढ्यांनी खाल्लं, उरलं ते कांद्याच्या वाफ्यांत घातलं. पाण्याचा तळ दिसायला लागला, मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. काय? बूट? बूट बाजारातले. बाजारात मिळतात की, रिशार-तोलला. चार जोड. नाही, काही लिहिलेलं नव्हतं त्यांच्यावर. असेल. मला वाचता येत नाही, सांगितलं ना.

बरं. बरं, तिनं दिले. दाराशी ठेवून गेली, संध्याकाळी. एवढंच म्हणाली, उतरणारच असाल तर उघड्या पायांनी उतरू नका. तुम्ही काय केलं असतं? बारा बायकांना तसंच पाण्यात जाऊ दिलं असतंत आणि मग त्यांच्याही बाटल्या मोजल्या असत्यात? इतका वेळ मी तिला वाचवायला बोलतेय आणि माझ्याच तोंडून —

ती वही तिची आहे. ओळखते मी, माझ्या ओसरीवर बसून भरली तिनं. काय लिहिलंय? वाचा. हं. परत वाचा. ‘बूट मी दिले.’ तारखेसकट? म्हणजे तुम्हाला येण्याआधीच माहीत होतं. तिनंच सांगितलं. आणि त्याच्याखाली? ‘गवत कुणी काढलं ते मी सांगणार नाही.’ असंच लिहिलंय? ह्याच शब्दांत?

घ्या, दुसरा चहा घ्या, हा थोडा गोड असतो.

कसली कीव आलीय तुम्हाला, मला नको ती. समिती ठरवेल म्हणता, ठरवू दे. पण समितीला हेही सांगा — सहाव्या घाटाचे सतरा महिने तुमच्याकडे आहेत, गवतासकटचे. आता बिनगवताचे मोजा. तोच घाट, तीच पोरं, आधीचं आणि नंतरचं. हे कमी आहे का? आणि घाट खोडून टाकणार असाल तर टाका, खोडल्यानं गवत परत येणार नाही, आणि आलंच तर आम्ही परत उतरू.

पेन आहे ना? मग त्या ओळीखाली लिहा. नको काय, तिनं जागा सोडलीय ती आम्ही भरतो. अराम म्बोज. कोडू साल. याल्ली द्यॉ, आणि तिची सासू फामा. बाकीच्या आठ बायका त्या कोपऱ्यावरच्या घरात आहेत, त्या आपापलं सांगतील, कुणी लपलेली नाही. लिहिलंत? वाचून दाखवा.

हं. बरोबर आहे. या आता.