गोलाच्या खांबाचं लिंबू

तंजावूरच्या स्टँडवर मी पापनाशमच्या बसला थांबलो होतो. मागच्या बाकावर एक आई आणि गोलकीपरचे हातमोजे मांडीवर घेतलेली तिची लेक बसली होती.

“लिंबू बांधलं म्हणून लाज वाटली का गे, कीर्तना?”

“नाही, अम्मा.”

“मग मध्येच तुझा गोल सोडून पलीकडं का गेलीस? मी हाका मारत होते.”

“हाफटाइमनंतर दोन्ही टीम बाजू बदलतात.”

“कशाला?”

“नियमच आहे तसा.”

“अय्यो! तुला दृष्ट लागू नये म्हणून खांबाला बांधलं, आणि तिथं ती दुसरी पोर उभी राहिली?”

“हो. तिच्यावर एकही गोल झाला नाही. माझ्यावर एक झाला, तिथंच हरलो.”

“थांब, माझं डोकं फिरतंय. तुमचं एवढंसं आर्ट्स कॉलेज, मुलींची पहिलीच फुटबॉल टीम, आणि ती माझ्या लिंबानं हरली?”

“लिंबानं नाही गे. मी उशिरा उडी मारली.”

“तिची आई आली होती का?”

“कुणाची?”

“त्या पोरीची.”

“नाही. तिच्या घरचं कुणीच आलं नव्हतं.”

“सरी, बरं. मग ते लिंबू तिलाच असू दे.”