हवानापर्यंत पोचली म्हणजे झालं

दायामी: नाही होत, पापा. बोटं पोचतात, पण पाना फिरवायला जागाच नाही.

एवेलियो: पाना सोड. आधी हातानं फिरव. नट लागतोय का बोटाला?

दायामी: ग्रीस लागतंय. आणि कोंबडीचं पीस.

एवेलियो: अजून? गाडी आणली तेव्हाच काढल्या की कोंबड्या.

दायामी: ज्याची गाडी, त्या इंजिनिअरच्या बायकोनं हिच्यात नुसत्या कोंबड्या नव्हत्या ठेवल्या, त्यांच्या पिढ्या ठेवल्या होत्या. मागच्या सीटखाली मला अंडं सापडलं होतं. आत्याला सांगितलं नाही मी.

एवेलियो: बरं केलंस. तिनं उद्याच्या डब्यात ऑम्लेट करून दिलं असतं. लागला का?

दायामी: लागला. आता पाना दे. तो नव्हे, तो रशियन.

एवेलियो: सगळेच रशियन आहेत. गाडीच रशियन आहे.

दायामी: दांडा कापलेला.

एवेलियो: असं म्हण ना. हा घे. अर्धा फेरा, मग पाना काढायचा, उलटा लावायचा, परत अर्धा फेरा. घाई करू नकोस.

दायामी: घाई मी कुठे करतेय? विमान करतंय.

एवेलियो: विमान उद्या दुपारचं आहे. उजाडायला निघालो तरी आरामात पोचू हवानाला.

दायामी: ही सुरू झाली तर.

एवेलियो: ही सुरू झाली तर. पंपाचं पॅकिंग नीट बसलंय का बघ. खालून पेट्रोल ठिबकलं तर वाटेत दोघांचा भडका उडेल.

दायामी: बसलंय. पॅकिंग कशाचं कापलंस? यावर अक्षरं आहेत.

एवेलियो: तुझ्या भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर.

दायामी: पापा!

एवेलियो: आता काय करायचंय तुला ते? शाळा संपली. पुठ्ठा चांगला होता. मी दोन दिवस तेलात भिजवून ठेवला.

दायामी: स्पेन कुठल्या बाजूला आलाय? आत की बाहेर?

एवेलियो: स्पेनला भोक पडलंय. बोल्ट तिथूनच गेलाय.

दायामी: चांगलं आहे. आईला फोनवर सांगते, तुझ्या देशाला पापानं भोक पाडलं.

एवेलियो: सांग. हसेल ती. पूर्वी हसायची माझ्या असल्या बोलण्यावर. झालं का घट्ट?

दायामी: झालं. हात ओढ माझा, अडकलाय.

एवेलियो: हं. हळू. चामडी सोलली बघ. थांब, फडकं देतो.

दायामी: राहू दे, एवढंसं तर आहे.

एवेलियो: एवढंसं म्हणे. विमानतळावरचा माणूस तुझे हात बघून विचारेल, मुली, तू निघालीस कशाला? गाड्या दुरुस्त करायला?

दायामी: हो म्हणेन. तिकडे गाड्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करतात म्हणे. वायर जोडली की पडद्यावर दिसतं काय बिघडलंय ते.

एवेलियो: आणि कॉम्प्युटर बिघडला की? गाडी बंद पडली की दोनच गोष्टी बघायच्या. ठिणगी येते का, पेट्रोल येतं का. जगातली कुठलीही गाडी असू दे.

दायामी: हे तू मला मी दहा वर्षांची असल्यापासून सांगतोयस.

एवेलियो: मग ऐक आठवं वर्ष. बस आत. क्लच दाब आणि चावी फिरव.

दायामी: फिरवू?

एवेलियो: फिरव... आणखी... सोड. सोड, सोड.

दायामी: केवढ्यानं फटाका वाजला.

एवेलियो: सायलेन्सरमधून. पेट्रोल तर येतंय. पंप चालतोय तुझा.

दायामी: माझा नव्हे, भूगोलाचा. परत फिरवू?

एवेलियो: नको, बॅटरी उतरेल. बघू काय ते. सावलीत बसू जरा.

ओदालिस: एवेलियो! अख्ख्या गल्लीला ऐकू आलं. शेजारच्या चेओच्या घोड्यानं गाडी उलटी केली असती. कॉफी घ्या. कॉफीपेक्षा भाजून दळलेले वाटाणेच जास्त आहेत आज तिच्यात, पण गरम आहे. झाली सुरू?

एवेलियो: तुला काय वाटतं, त्या आवाजावरून?

ओदालिस: मला वाटतं, मी घोडागाडी सांगून ठेवावी.

दायामी: हवानापर्यंत घोडागाडीनं? आत्या, मी पोचेपर्यंत पंचवीस वर्षांची होईन.

ओदालिस: तेच तर. अठरा झाली की आईच्या कागदावर जाता येत नाही, आणि तुला अठरावं लागायला किती दिवस उरलेत? बसचा भरवसा नाही, चेओच्या ट्रकला टायर नाहीत. एवेलियो, ही सुरू झाली नाही तर?

एवेलियो: नाही झाली तर नाही झाली.

ओदालिस: म्हणजे काय? एवढे खेटे घातले मी त्या ऑफिसात. कागद परत कोण करणार?

एवेलियो: ठाऊक आहे मला, ओदालिस.

ओदालिस: मग नुसता कॉफी काय पीत बसलायस? मी कधीची बॅग भरतेय. दायामी, तो निळा स्वेटर परत बाहेर काढून ठेवलास?

दायामी: डांबराच्या गोळ्यांचा वास येतो त्याला.

ओदालिस: येऊ दे. तुझ्या आईच्या गावी, हिखोनला, रोज पाऊस पडतो म्हणे, तिथे वासाला कोण विचारतंय. पेरूची वडी दोनदा गुंडाळलीय, कपड्यांना लागू देऊ नकोस. मी जाते. घेवडा करपेल.

दायामी: ती रडून आलीय.

एवेलियो: कांदा कापत असेल.

दायामी: कांदे नाहीयेत घरात.

एवेलियो: कॉफी पी.

दायामी: पापा, कार्बोरेटर असेल का?

एवेलियो: असू शकेल.

दायामी: पण कार्बोरेटर काल आपणच साफ केला. मी फुंकर मारून बघितली होती.

एवेलियो: मग ठिणगीचे पॉइंट असतील.

दायामी: पॉइंट मी घासले. तू म्हणालास, छान घासलेस. ठिणगी येते, पेट्रोल येतं, आणि फटाके उडतात. म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी येतेय.

एवेलियो: बघ, शिकलीस की.

दायामी: थांब, मला वायरी बघू दे.

एवेलियो: कॉफी गार होईल.

दायामी: होऊ दे... पापा, प्लगच्या वायरी कोणी लावल्या सकाळी?

एवेलियो: मी. दुसरं कोण लावणार?

दायामी: दुसऱ्या प्लगची तिसऱ्याला गेलीय. आणि तिसऱ्याची दुसऱ्याला.

एवेलियो: असं होय.

दायामी: तू चुकलास?

एवेलियो: चष्मा नव्हता डोळ्यावर.

दायामी: तू डोळे बांधून लावतोस या वायरी. चेओशी पैज मारून लावल्या होत्यास, सगळ्या गल्लीसमोर.

एवेलियो: तेव्हा तरुण होतो.

दायामी: गेल्या नाताळात होतास तरुण?

एवेलियो: नाताळ म्हणजे बरेच दिवस झाले, माझे आई.

दायामी: मग... बदलू?

एवेलियो: दायामी.

दायामी: काय?

एवेलियो: तुला जायचंय ना?

दायामी: म्हणजे?

एवेलियो: म्हणजे जायचंय का. कागदांचं सोड, आईचं सोड, आत्याचं सोड. मी कधी विचारलंच नाही. सगळे धावत होते, मीही धावलो. म्हणून आता विचारतोय.

दायामी: आई इतकी वर्षं वाट बघतेय.

एवेलियो: ते मी नाही विचारलं.

दायामी: खोली रंगवून ठेवलीय तिनं.

एवेलियो: तेही नाही विचारलं.

दायामी: तू... तुला काय वाटतं?

एवेलियो: मला काय वाटायचंय? मी इथला म्हातारा मेकॅनिक. इथे तुला काय मिळणार? ग्रीस. तिकडे शिकशील, चांगलं खाशील. तुला जायचं असेल तर मी ही गाडी खांद्यावर घेऊन हवानाला पोचवीन.

दायामी: हो.

एवेलियो: काय हो?

दायामी: जायचंय.

एवेलियो: नक्की?

दायामी: नक्की, पापा.

एवेलियो: मग बदल वायरी. टोपणाला हात लावू नकोस, नुसत्या वायरी ओढ. मुळाशी धरून. हं.

दायामी: झाल्या.

एवेलियो: नीट दाबल्यास?

दायामी: नीट दाबल्या.

एवेलियो: बस आत. फिरव.

दायामी: पापा. पापा, झाली.

एवेलियो: पाय ठेव थोडा. सोड आता हळूहळू. ऐक. चारही सिलेंडर बोलतायत.

दायामी: कशी शहाण्यासारखी चाललीय.

एवेलियो: म्हातारी आहे, पण जातिवंत आहे. पोलिसांनी अडवलं तर लक्षात आहे ना मी कोण?

दायामी: इंजिनिअरचा भाचा. गाडी अजून त्याच्याच नावावर आहे.

एवेलियो: आणि तू?

दायामी: भाच्याची मुलगी.

एवेलियो: बरोबर. तुझ्याबाबतीत खोटं बोलायला नको. हवानापर्यंत पोचली म्हणजे झालं. परत येताना मला काय, ढकलत आणली तरी चालेल.

दायामी: बंद करू?

एवेलियो: राहू दे थोडा वेळ.

दायामी: उद्याचं पेट्रोल जाईल.

एवेलियो: जाऊ दे थोडं. तू बस तिथेच, स्टिअरिंगवर. मी जरा लांबून ऐकतो.

(बऱ्याच वर्षांनी. कार्देनास या त्यांच्या गावची दफनभूमी. एवेलियोला जाऊन महिना झाला आहे. दायामी काल स्पेनहून पोचली आहे. सोबत ओदालिस आत्या.)

ओदालिस: एवेलियो, आणलीय बघ पोरगी. केस कापलेत. बारीक झालीय, तिकडे नुसता पाऊसच खातात वाटतं. आणि काल आल्या आल्या तुझ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घातलं, माझ्याशी बोलायच्या आधी.

दायामी: आत्या, हळू. लोक बघतायत.

ओदालिस: कोण बघतंय? इथले सगळे माझ्या ओळखीचे आहेत. पुरलेलेसुद्धा.

दायामी: तू रोज अशीच बोलतेस त्याच्याशी?

ओदालिस: रविवारी. नळाला पाणी कधी आलं, चेओनं डॉमिनोत कोणाला फसवलं, सगळं सांगते. परसातल्या भिंतीवरून बोलायचो, तसंच. आता तू बोल.

दायामी: बोलले मी. मनात.

ओदालिस: मनात? त्याला जन्मात कधी कोणाच्या मनातलं कळलंय? त्याला तोंडानं सांगावं लागायचं, तेही दोनदा.

दायामी: मी वेळेत पोचले नाही, आत्या.

ओदालिस: इथला उकाडा कोणासाठी थांबतो? दुसऱ्याच दिवशी न्यावं लागतं. त्यात तुझा काही दोष नाही. आधी आली होतीस की दोनदा.

दायामी: दोन्ही वेळा आम्ही क्लचबद्दल बोललो. आणि फोनवर तो विचारायचा, पाऊस आहे का. मी म्हणायचे, आहे. मग तो म्हणायचा, स्वेटर घाल.

ओदालिस: तोच निळा?

दायामी: तो निळा कधीच फाटला. त्याला सांगितलं नव्हतं मी.

ओदालिस: तुला हवानाला सोडून आला ना, त्या दिवशी अंगणात गाडीतच बसून राहिला. उतरेचना. मी म्हटलं, आत ये, घेवडा-भात वाढते. तर म्हणाला, "ओदालिस, तिला जायचं होतं. मी विचारलं तिला." एवढंच. मग पुढं वर्षानुवर्षं तेच. कोणी म्हटलं, एकुलती एक पोर कशी पाठवलीस, की म्हणायचा, "तिला जायचं होतं. नको म्हणाली असती तर मी गाडीचं इंजिन काढून विकलं असतं."

दायामी: असं म्हणायचा?

ओदालिस: सगळ्यांना. पाववाल्याला, पोस्टमनला. आणि मग स्वतःशीच मान हलवायचा. त्याच्यावरच जगला तो.

दायामी: मग आता कसं सांगू त्याला?

ओदालिस: काय?

दायामी: काही नाही.

ओदालिस: अच्छा. असं आहे होय.

दायामी: आत्या, काही नाही म्हटलं ना.

ओदालिस: त्या दिवशी मी बॅगेत कपडे घालत होते, आणि तू एकेक कपडा बाहेर काढत होतीस. मला काय दिसत नव्हतं?

दायामी: मग बोलली का नाहीस?

ओदालिस: आई बोलावते आहे, बाप पाठवतो आहे, पोर हो म्हणते आहे. त्यात आत्यानं कुठे तोंड घालायचं? रडत मात्र होते.

दायामी: कांदे नसताना.

ओदालिस: कांदे नसताना. दे ती बरणी, फुलांना पाणी आणते. नळ लांब आहे आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, मला वेळ लागेल.

दायामी: मी जाते, तू थांब.

ओदालिस: तू थांब. सांग त्याला. आता त्याला त्रास होत नाही, आणि तुला उद्या विमान पकडायचं नाही. मोठ्यानं सांग.

दायामी: पापा.

दायामी: पापा, गाडी चांगली ठेवलीस. पहिल्या चावीत सुरू झाली. मी चालवतच आणली इथपर्यंत, आत्या सगळ्या वाटेत ओरडत होती.

दायामी: तू तेव्हा विचारलंस. मी म्हटलं, तू इतका राबतोयस म्हणजे मी जावं असंच तुला वाटतंय. म्हणून हो म्हणाले. दोनदा म्हणाले, तुला खरं वाटावं म्हणून.

दायामी: मला जायचं नव्हतं, पापा. मला तुझ्यापाशी राहायचं होतं.