नळदुरुस्तीची शिफारस

लेक: बाबा, वृद्धत्वाच्या समाजशास्त्राला हे पोस्टर नवी दिशा देणार आहे.

बाबा: देऊ दे. त्या दिशेखाली माझी गोळ्यांची डबी अडकलीय, तेवढी काढ.

लेक: ही घ्या. तुमचं टेबल मोठं म्हणून इथे आले, नाहीतर हॉस्टेलच्या फरशीवर रांगत बसले असते. परिषदेतल्या पोस्टर-स्पर्धेसाठी संध्याकाळपर्यंत छपाईला द्यायचंय. तुम्ही फक्त शब्द कमी करून द्या.

बाबा: मला वाटलं, भेटायला आलीस.

लेक: ते तर आहेच हो.

बाबा: बरं. तांबडं पेन दे. मथळा काय हा? 'एकल वृद्ध पालकांच्या आंतरपिढीय दूरध्वनी-संवादाचे आशयविश्लेषण'. बाई, एवढ्या जागेत आम्ही पेपरात आख्खं युद्ध बसवायचो.

लेक: मग तुम्ही काय लावाल?

बाबा: 'म्हातारे फोन का करतात'.

लेक: परीक्षक हसतील.

बाबा: हसायला तरी थांबतील. बरं, का करतात?

लेक: तेच तर सापडलंय. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचा फोन आला की तो कशासाठी होता, ते मुलांकडून लिहून घेतलं. हा आलेख बघा. सगळ्यात उंच खांब घरदुरुस्तीचा. नळ, गीझर, रिमोट, दाराची कडी. तब्येत त्याच्या निम्म्यानेही नाही. आणि एकटेपणा हा, तळाशी.

बाबा: हा खांब होय? मला वाटलं, शाई सांडली.

लेक: म्हणजे बघा, जो तो म्हणतो म्हाताऱ्यांना सोबत हवी. आकडे म्हणतात, मिस्त्री हवा. म्हणून खाली ठळक शिफारस केलीय, 'प्रत्येक वस्तीत ज्येष्ठांसाठी दुरुस्तीसेवा'. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, बक्षीस तुझंच.

बाबा: हं.

लेक: तुमच्यासाठीही एक मिस्त्री वर्षभरासाठी बांधून ठेवलाय. काही बिघडलं की थेट त्यालाच फोन करायचा. मी तिकडून नुसती 'बघते' म्हणते आणि राहून जातं. तुमचा तो गीझर तर सारखाच रुसलेला असतो.

बाबा: शिफारस काढ.

लेक: का? लांब झाली?

बाबा: लांबी बरोबर आहे. काढ.

लेक: बाबा, पोस्टरचा जीवच तिच्यात आहे. पेपरात चालायचं तुमचं, इथे नुसती फुली मारून भागत नाही. कारण द्या.

बाबा: हे तुझे म्हातारे नळाचं बोलून झालं की फोन ठेवतात?

लेक: नाही, पुढे असतंच काहीतरी. जेवलास का, सर्दी गेली का, तिकडे थंडी आहे का. मुलांनी 'अवांतर' म्हणून लिहिलंय. ते मी मोजलं नाही. फोनचा पहिला विषय हाच त्याचा हेतू, असं धरलंय.

बाबा: आमच्याकडे एक वार्ताहर होता. त्याची बातमी 'सकाळपासून हवा छान होती' अशी सुरू व्हायची आणि खून शेवटच्या ओळीत सापडायचा. तेव्हापासून मी बातम्या खालून वर वाचायला लागलो.

लेक: म्हणजे त्या लोकांचे नळ गळतच नव्हते?

बाबा: त्यांचं मला काय ठाऊक.

लेक: मग आपला गीझर?

बाबा: गीझर चांगला आहे.

लेक: आणि मागे फोनवर म्हणालात ती दाराची कडी?

बाबा: कडीलाही काही झालेलं नाही. तुझी आई होती तेव्हा फोन ती लावायची, मी शेजारी बसून ऐकायचो. तिला कारण लागत नसे. मला सुचतच नाही. 'कशी आहेस' विचारलं की तू 'ठीक' म्हणतेस, आणि संपलं. गीझर म्हटलं की चार प्रश्न विचारतेस. दिवा लागतो का, आवाज येतो का. बरं वाटतं.

(आत कुठेतरी थेंब पडत असतो.)

लेक: आठवण आली, एवढंच म्हणायचं होतंत.

बाबा: कामात असतेस. आठवण आली म्हणून कामातल्या माणसाला उठवतात का कुणी? गीझरसाठी उठवता येतं.

लेक: आणि मी मिस्त्री बांधून दिला.

बाबा: चांगल्या मनानेच दिलास. पण उद्या तो आला, गीझर होता त्याहून चांगला करून गेला, की मी काय सांगून फोन करू?

लेक: आख्खा खांबच खोटा पडला माझा.

बाबा: खांब खरा आहे. त्याचं नाव चुकलंय. 'दुरुस्ती' खोड आणि 'निमित्त' लिही. लहान शब्द आहे, बसेल.

लेक: नुसतं नाव बदलून कसं चालेल? ते सगळं अवांतर पहिल्यापासून वाचावं लागेल. आज काही हे छपाईला जात नाही. या वेळचं पोस्टर हुकलं, बाबा. मॅडमना काय तोंड दाखवू?

बाबा: मी गप्प बसायला हवं होतं.

लेक: गप्प बसूनच तर इथवर आलो आपण. मी थोडे दिवस राहते इथे. काम पसरायला टेबल मोठं आहे.

बाबा: हो. टेबल मोठं आहे, हे खरं.

लेक: आणि त्या मिस्त्रीला आत्ताच कळवते, येऊ नकोस म्हणून.

बाबा: अगं थांब, एवढी घाई नको. एकदा येऊन जाऊ दे त्याला. स्वयंपाकघरातला नळ खरंच गळतोय.