शेगडीमागं हरणी

...आता हसू नका पावणं, आधी ऐका की! सरकारला सगळं जमतंय, गोबरगॅस मंजूर करतंय, खड्डा काढाय लावतंय, वर टाकी बशिवतंय... पर शेगडी? ती साहेब तपासून गेल्यावर! आणि साहेब कवा येणार? ग्रामसेवकाला इचारलं तर म्हणतोय, "कृष्णात, गावाला धा गोबरगॅस दिल्यात, तुझा धावा नंबर. उद्दिष्ट पूर्ण झालंच पायजे!" झालंच पायजे की! पर पेटवू कशावर, तुझ्या टकलावर?

हिकडं आमची विठाबाई चूल फुकून फुकून डोळं लालभडक करून बसलेली. मी आपलं सहज बोललो, "अगं, चा मी बी केला असता, पर मला धूर सोसत न्हाय." झालं! पिशवी भरली, म्हणाली, "निळा जाळ पेटला की बोलवा, तोवर येत न्हाय," आणि गेली माहेराला, मलकापूरला! कोसभरच लांब, पर गेली ती गेलीच. घर कसं खायला उठायचं. मी चुरमुरं खाऊन दिवस काढलं वो, चुरमुरं!

आणि एक दिवस आलं की साहेब! फटफटीच्या मागं नवीकोरी शेगडी बांधलेली. फटफटीचा सायलेन्सर तेवढा आमच्या रस्त्यात कुठंतरी गळून पडलेला, आवाज ह्यो असा, फाट् फाट् फाट्! साहेबानं टाकी बघितली, नाकाला रुमाल लावला, आणि भाषणच सुरू. "लाकडं जाळून जाळून पृथ्वी तापतेय, कृष्णातराव! समुद्र वर चढतोय!" म्हटलं, साहेब, समुद्र घाट चढून यीस्तोवर माझं कसं व्हायचं? हितं माझी बायकू तापल्या, तिचं आधी बघा!

"जनावरं दाखवा," म्हणालं. दावली की आमची हरणी! काळीभोर, शिंगाला मोरपीस, विठाबाईच्या माहेरातनंच आलेली म्हैस. साहेब खूश. "पलीकडच्या आळीतला गॅस बघून येतो, मग शेगडी जोडू," म्हणालं आणि मारली की किक!

फाट् फाट् फाट्!

पावणं, दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवत्यात, ठावं हाय न्हवं? सायलेन्सर काढलेली फटफटी म्होरं, म्हैस मागं. दसऱ्यापासनं मी हरणीला तेवढंच शिकवत हुतो! आवाज कानावर पडला, तिनं दावं तोडलं, आणि सुटली की साहेबामागं! साहेबानं वळून बघितलं... "अगं आई गं!" म्हणून गाडी जी पिळली, ती गावाबाहीर! मी सायकलीवर मागं. वरडतोय, "साहेब, थांबा! तुम्ही थांबला की ती थांबती!" साहेब म्होरनं वरडतंय, "आधी ती थांबू दे, मग मी थांबतो!" आता काय बोलायचं ह्या माणसाला?

रस्त्याकडंची माणसं शिट्ट्या मारत्यात, "वाह् रं हरणी!" कुणी म्हणतंय, "साहेब, सोडू नगा!" माझी शेगडी साहेबाच्या पाठीवर आदळत निघालेली, आणि सरकार म्होरं, म्हैस मागं, असं आम्ही मलकापुरात! त्यात बाजारचा दिवस. गर्दीत फटफटी अडकली, बंद पडली. हरणी बी थांबली, शिकवल्यावाणी, आणि साहेबाची मान चाटाय लागली. साहेब डोळं मिटून म्हणतंय, "उद्दिष्ट... उद्दिष्ट पूर्ण झालंच पाहिजे..."

तेवढ्यात गर्दीतनं आवाज. "अगं बया, हरणी?" विठाबाई! हातात मेथीची पेंडी. हरणीकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं, शेगडीकडं बघितलं, मग घामानं निथळणाऱ्या माझ्याकडं. "अवो, मला न्यायला एवढी वरात?"

मी छाती फुगवून म्हटलं, "व्हय की! मग?"

अशी हसली म्हणता, बाजार थांबला वो! ती हसताना बघून मला पोटभर जेवल्यागत झालं. साहेब बी हसलं, पर जरा लांब उभं राहून.

दुधाच्या टेम्पोतनं साहेब, बंद फटफटी, शेगडी, विठाबाई, सगळी गावात आणली. हरणी मागनं चालत. सांजच्याला शेगडी जोडली, काडी लावली... भप्प! निळा जाळ! आळीनं टाळ्या वाजवल्या, ग्रामसेवक नाचला, "उद्दिष्ट पूर्ण!"

विठाबाईनं पातेलं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "धूर हाय?"

"न्हाय."

"डोळं चुरचुरत्यात?"

"न्हाय गं."

"मग टाका चा!"

तवापासनं ह्या घरात चा मीच करतोय, पावणं. सरकारचं उद्दिष्ट पूर्ण झालं, माझं रोज सकाळी नव्यानं सुरू हुतंय... घ्या, बशीत वता, गरम हाय. आणि साखर कमी पडली तर हळू बोला, ती आत ऐकत्या.