चॉकलेटीचं पिल्लू, पांढरीचं दूध

मी मोहन्याची. म्हणजे जन्म शहाडचा, पण वाढले मोहन्यात आत्याकडं. आत्याला मूलबाळ नव्हतं नि माझ्या आईला माझ्याआधी मुलीच मुली, मग मी तान्ही असतानाच आईनं मला आत्याच्या ओटीत घातली. आत्याच्या नवऱ्याला मी बाबा म्हणायचे, ते रेयॉनच्या कंपनीत सूत खात्यात, घरी आले की अंगाला सडक्या कोबीसारखा वास, पाहुणे नाक धरायचे, मला मात्र त्या वासाशिवाय झोप यायची नाय. आणि दोघींनाही मी आईच म्हणायचे, शहाडची आई, मोहन्याची आई. शहाडची रविवारी यायची, माझी वेणी घालायची, चहा पिऊन जायची. शाळेत नाव घालायला दोघी गेलेल्या, गुरुजींनी विचारलं आईचं नाव काय लावू, तर शहाडची आई बोलली, हिचं लावा, वाढवणार ही हाय. बस, एवढंच बोलली नि बाहेर जाऊन उभी राहिली. हे मला मोहन्याच्या आईनंच सांगितलं, खूप नंतर.

लग्नानंतर माझी पोरं मोठी झाल्यावर मी कल्याणला जनावरांच्या दवाखान्यात लागले, झाडू-पोछा करायला लागलेले, पण कुत्री-मांजरं माझ्या हातात गप बसायची, तर डॉक्टरबाई बोलल्या, शोभा, तू आत ये, तू धर. तेव्हापासून मी धरते. ताई, माझं काम काय, तर धरायचं.

मग डॉक्टरबाईंना शीळफाट्याच्या पुढं एका फार्मवरनं बोलावणं आलं. रस्त्यावर कंटेनरचा नुसता गोंगाट, पण आत वळलं की टेकडीचा आडोसा, सकाळचं धुकं, आणि त्या धुक्यात ही जनावरं उभी. अल्पाका म्हणतात. उंटाच्या जातीची, पण उंची मेंढीपेक्षा थोडी जास्त, लांब मान, डोळे एवढाले आणि पापण्यांचे केस लांब लांब, जशी काय झोपेतनं आत्ताच उठलीत. काय सांगू तुम्हाला, ती ओरडत नायत, गुणगुणतात. तोंड मिटून, बारीक आवाजात, बाई भाकऱ्या थापताना आपल्याशीच गाते तशी. मी पहिल्या दिवशी तिथंच उभी राहिले, डॉक्टरबाईंनी दोनदा हाक मारली तरी मला ऐकू नाय आलं.

तिथं प्रत्येकाच्या मानेत एक चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी, जाड सुईनं कातडीखाली सोडतात. मशीन फिरवलं की आवाज होतो नि नंबर दिसतो, त्या नंबरावर त्याचं नाव, आई कोण, बाप कोण, सगळं नोंदलेलं. जातिवंत जनावर, त्याची नोंद लागते. नावं सगळी लांबलचक इंग्रजी. मी आपली पांढरी, चॉकलेटी, कबरी अशीच हाक मारायची. पांढरी फार्मच्या मालकांची. चॉकलेटी ठाण्याच्या एका साहेबांची, मुरबाडकडं त्यांची जागा तयार होईपर्यंत इथं ठेवलेली.

दोघी गाभण होत्या. एका सकाळी बाळारामचा फोन, तो तिथला राखणदार, जवळच्याच गावचा आगरी माणूस. आम्ही गेलो तर दोघी सुटलेल्या, म्हणजे व्यालेल्या, एक पिल्लू मेलेलं, एक उभं, ओलं, चहाच्या रंगाचं, आणि दोघी त्याला हुंगतायत, दोघी गुणगुणतायत. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाचं हे? बाळाराम बोलला, मना म्हाईत नाय बाई, मी आलो तवा असाच व्हता.

चॉकलेटीला दूध उतरलंच नाय. पांढरीनं पाजलं. पिल्लू पांढरीला प्यायचं नि उन्हात चॉकलेटीला टेकून झोपायचं, दोघींपैकी कुणी त्याला कधी हाकललं नाय. पण नोंदीत आई एकच लागते, आणि आई ज्या मालकाची, पिल्लू त्याचं. मग रक्त घेतलं, तिघांचं. मी धरलं.

रिपोर्ट आला, आई चॉकलेटी.

ठाण्याचे साहेब टेम्पो घेऊन आले, जागा तयार झालेली. चिप घालायला पिल्लू मी मांडीत घेतलं, काळीज केवढं धडधडत होतं त्याचं. सुई गेली, ते रडलं नाय, माझ्या काखेत तोंड खुपसलं. पांढरी कुंपणाशी येऊन उभी. मी साहेबलोकांपुढं कधी बोलत नाय, पण त्या दिवशी बोलले.

"साहेब, नाव चॉकलेटीचंच लावा, ते खरंच हाय. पण दूध सुटेपर्यंत मायलेकींना इथंच ठेवा, पांढरीजवळ. मला दोघींनी वाढवलंय, मला माहिताय."

साहेब डॉक्टरबाईंकडं बघायला लागले. बाई बोलल्या, बाटलीचं दूध चालतं, पण ही बोलते ते बरोबर हाय. साहेबांनी पिल्लाच्या मानेवरनं हात फिरवला. मग ड्रायव्हरला सांगितलं, टेम्पो रिकामा ने.

सहा महिने राहिल्या मायलेकी. शेवटी पिल्लू पांढरीकडं प्यायला जाईना, आपलं आपलं गवत खायला लागलं, मग साहेब आले नि मायलेकींना घेऊन गेले. मी होते तेव्हा. कुणी ओढलं नाय, चॉकलेटी चढली, तिच्यामागं पिल्लू चढलं. पांढरी फाटकाकडं तोंड करून बरेच दिवस उभी राहायची. बाळाराम तिला चारा तिथंच नेऊन टाकायचा.

आम्ही मुरबाडला जातो कधीमधी, लस द्यायला. पिल्लू आता आईएवढं झालंय. मशीन फिरवलं की नंबर येतो, आईचं नाव चॉकलेटीचं येतं, बरोबरच हाय. पांढरीचं नाव कुठं नाय.

पांढरी परत गाभण हाय. दिवस भरत आलेत. डॉक्टरबाईंनी मालकांना सांगून ठेवलंय, या वेळी शोभाला आधीपासून तिथं राहू दे. परवा गेलेले तर तिच्या पोटावर हात ठेवला, आत हललं. तिनं मान वळवून माझे केस हुंगले नि गुणगुणायला लागली. मी बोलले, नीट सुट गं बाई, मी हाय धरायला.