दुसरं पान

(१९८४. मलावी, सरोवराकाठचं गाव. आंब्याखाली चटईवर दोघे म्हातारे: याओ जमातीचे मुसलमान त्वाइबू, आणि चर्चचे एक वडीलधारे, निवृत्त शिक्षक लामेक.)

त्वाइबू: फेब्रुवारीत माझ्या पोराचं, जफालीचं पत्र आलं होतं. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून मी दिलं नाही. आठवतं ना, गुरुजी?

लामेक: आठवतं.

त्वाइबू: किती पानं होती?

लामेक: ...दोन.

त्वाइबू: तुम्ही मला एकच वाचून दाखवलंत. 'प्रकृती बरी आहे, खाणीत काम चालू आहे.' काल असियातु माहेरी आली, तिनं सहज कागद हातात घेतले. माझ्या लेकीला दोन पानं दिसली, तुम्हाला एकच कसं?

लामेक: त्वाइबूभाऊ, मी घाबरलो.

त्वाइबू: घाबरलात, की डाव होता? पोरगा जोहान्सबर्गला जाऊन बाप्तिस्मा घेतो. आणि आठ वर्षं शिकला कुणाच्या हाताखाली?

लामेक: मी त्याला गणित शिकवलं.

त्वाइबू: मिशनच्या शाळेत नाव बदलतात, म्हणून माझ्या बापानं मला पाठवलं नाही. मी मदरशात अरबी अक्षरं गिरवली. पोराच्या वेळी म्हटलं, लामेक आपला माणूस आहे. शेवटी साधलंतच!

लामेक: धर्माचा एक शब्द बोललो नाही त्याच्याशी. देवाशपथ!

त्वाइबू: कुठल्या?

लामेक: चेष्टा नको. त्याच्याशी नाही, तुमच्याशीही नाही. तीस वर्षं या चटईवर बसतोय. लोक म्हणाले असते, पत्रं वाचायच्या निमित्तानं जाळं टाकतो. ते पान तोंडातून निघेचना.

त्वाइबू: थांबा. तुमचा धर्म खरा, असं तुम्ही मानता?

लामेक: मानतो.

त्वाइबू: त्याच्याविना माणूस बुडतो, असंही?

लामेक: ...तसं शिकवतात.

त्वाइबू: आणि तीस वर्षं माझा चहा पिऊन गप्प? त्वाइबू बुडाला तरी चालेल! बरे मित्र!

लामेक: बोललो असतो तर तुम्ही चटई गुंडाळली असती.

त्वाइबू: गुंडाळलीच असती. तरी बोलायचं. बोला आता, एकदाच. गोड करू नका.

लामेक: मला भाषण जमत नाही. मी भित्रा माणूस. तुमच्या पोराचं पत्र दाबलं. तो वाट बघतोय हे ठाऊक असून रोज इथं येऊन बसलो. असल्या माणसाला येशू टाकून देत नाही, यावर माझा विश्वास आहे. त्यावरच सकाळी उठतो. एवढंच.

त्वाइबू: एवढंच?

लामेक: एवढंच.

त्वाइबू: मी काही बदलणार नाही.

लामेक: ठाऊक आहे.

त्वाइबू: आता ते पान वाचा. असियातुनं वाचलंय, गाळलंत तर कळेल.

लामेक: 'बाबा, मी बाप्तिस्मा घेतलाय. ऑगस्टमध्ये गावच्या चर्चमध्ये लग्न करायचं म्हणतो. ख्रिस्ती लग्नातही बोकड तुम्ही कापता, म्हणून ते हलाल ठरतं आणि आपले लोक तिथं जेवतात. माझ्या लग्नात कापाल का? उत्तर आलं नाही तर नकार समजेन. मग इथंच लग्न करीन, गावी परतणार नाही.'

त्वाइबू: मे संपत आला, गुरुजी.

लामेक: आज टाकलं तर जूनमध्ये मिळेल.

त्वाइबू: लिहा. 'मला राग आलाय. तो इतक्यात जाणार नाही. बोकड मीच कापीन. दुसऱ्या कुणाला सुरी देऊ नकोस.' झालं? असियातु! इकडं ये, हे वाच.

असियातु: बरोबर आहे, बाबा. पण खाली एक ओळ जास्त आहे.

त्वाइबू: बघितलंत! कुठली गं?

असियातु: 'उत्तराला उशीर झाला तो माझ्यामुळं. लामेक.'

त्वाइबू: ...राहू दे ती. उठा गुरुजी, आत्ताच पोस्टात जाऊ. हे तुमच्या खिशात मुक्कामाला नको.

*

त्वाइबू: द्या पाकीट. मीच टाकणार. पेटीला दोन तोंडं कशाला?

लामेक: एक देशातलं, एक परदेशचं.

त्वाइबू: परदेशचं कुठलं?

लामेक: डावं. वर लिहिलंय.

त्वाइबू: लिहिलेलं मला काय कळतंय? डावं ना?

लामेक: डावं.

त्वाइबू: टाकलं.