नाक मुरडणारी पाहुणी

...आणि वर मलाच विचारतात, "पारास्का, या वयात तुला हो म्हणायला सांगितलं होतं कुणी?" अहो, मी हो म्हटलंच नाही! तोंडातून नुसतं 'हं' जरी निघालं असेल ना, तर जीभ झडो माझी! आणि तरी उद्या सकाळी विमानात बसायचंय. पार त्या उत्तरेच्या टोकाला, जिथं समुद्रसुद्धा थिजून दगड होतो, आणि त्या थिजलेल्या समुद्रावर, ऐकताय ना, समुद्रावर, तंबू ठोकून झोपायचंय... खाली पाणी, बाहेर अस्वल, आणि मध्ये मी! बॅग भरायला बसले, तर मोजे म्हणून ओव्हनचे हातमोजेच कोंबले आत!

मी भित्री नाही हं. एक पिसाळलेला बैल, तीन पाद्री आणि एक सासू, एवढ्यांना तोंड दिलंय मी, आणि त्यातली सासू सोडली तर कुणापुढं माघार घेतलेली नाही. शाळा सुटली चौथीत, पण गावच्या ग्रंथालयातलं पुस्तक न् पुस्तक वाचून काढलंय. चर्चच्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय पळी हलत नाही. फक्त एक... ते तळं. आमचं सबंध गाव हिवाळाभर त्या गोठलेल्या तळ्यावर पडलेलं असतं. भोकं पाडून मासे धरतात, ट्रक चालवतात, मेल्यांनी एकदा लग्नसुद्धा लावलं तिथं! आणि मी काठावर. गुडघा दुखतो म्हणते. चाळीस-एक हिवाळे गुडघा दुखतोय! माझा नवरा पेट्रो गेला बिचारा, पण त्यालाही शेवटपर्यंत गुडघाच ठाऊक.

तर हे सगळं सुरू झालं शाळेपासून. आमच्या हायस्कुलातले फेर सर, उंच, किडकिडीत, बोलताना हात असे हलवतात की जणू अंगावर माशा बसल्यात. ते आले माझ्या दारी. "पारास्काबाई, आपल्याला मुलांमध्ये ने-तृ-त्व रुजवायचंय! दोन संस्कृतींमध्ये से-तू बांधायचाय!" मी म्हटलं, सर, ओढ्यावरचा पूल मोडून पडलाय, तो बांधा की आधी! तर हसले. माझं बोलणं विनोद समजून हसणारा माणूस मला चालत नाही, तुम्हाला सांगते.

बेत असा, की उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांची पोरं आठवडाभर आपल्या घरी, मग आपली पोरं आठवडाभर त्यांच्याकडं. आपल्या एकेका पोराची त्यांच्यातल्या एकेकाशी जोडी. आणि सगळे निर्णय पोरांनी घ्यायचे. मोठ्यांनी? मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही! फळ्यावर लिहूनच ठेवलं होतं: पोरं पुढं, आपण मागं! आता मला सांगा, जिनं आयुष्यात कधी कुणाच्या मागून चालायचं नाव घेतलं नाही, नवऱ्याच्या प्रेतयात्रेतसुद्धा जी पाद्र्याच्या दोन पावलं पुढं होती, तिला हे सांगायचं!

पण माझी नात लारिसा... ती माझ्यावरच गेलीय. सतराच वर्षांची, पण एकदा बोलायला लागली की पाद्री घड्याळ बघतो. ती गळ्यातच पडली. "आजी, आपल्याकडं पाहुणी ठेवू या ना! जोडी जमली तरच उत्तरेला जायला मिळणार. सर म्हणालेत, जिची जोडी जमणार नाही तिचं नाव कापणार. आजी, मला जायचंय गं! इथं तळं, चर्च आणि तुझे पिरोगी, यापलीकडं मी काय बघितलंय?" माझे पिरोगी आणि 'यापलीकडं'! गिळलं मी. नात आहे.

आणि आली ती. उलायुक. सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची, शांत. इतकी शांत, की घरात मांजर आलं असतं तर जास्त आवाज झाला असता. दारातच काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही. माझा चष्मा घसरलेला, तो वर सारायला मी सवयीनं नाक आवळलं, असं... आणि ती गप्प झाली. झाली ती झालीच!

मी विचारलं, "भूक लागलीय का गं पोरी?" उत्तर नाही. नुसत्या भुवया वर. मी म्हटलं, एवढं काय नवल वाटलं हिला? भूक माहीत नाही? पुन्हा विचारलं, "जेवणार ना?" भुवया वर! म्हटलं, आपण काही भलतंच बोललो की काय? त्यांच्यात आल्या आल्या जेवण विचारणं अपमान असेल! वाढलंच शेवटी. मैद्याच्या पारीत बटाटा भरून उकडलेले पिरोगी, वर लोणी, तळलेला कांदा. खाल्ले की ताटभर! म्हटलं, "अजून घालू?"

तर नाक मुरडलं!

माझ्या पिरोगींना! ज्या पिरोगींसाठी बिशप दोनदा वाट वाकडी करून आलाय, त्यांना नाक मुरडलं! मी रडकुंडीला येऊन पहाटे उठून बीटचं सूप केलं. "आवडलं?" भुवया वर. "अजून देऊ?" नाक! कोबीचे रोल केले. पुन्हा तेच, आधी आश्चर्य, मग किळस! तुम्हाला सांगते, मला खरीच भीती वाटायला लागली. हाताची चव गेली की माणसात काय उरलं? स्वयंपाकघरात उभी राहून मी मीठ चाखत होते, साखर चाखत होते, जीभ बाहेर काढून आरशात बघत होते...

आणि लारिसा? ती रोज त्या पोरीला समोर बसवून 'दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं महत्त्व' यावर भाषण द्यायची. तासभर! "तू मोकळेपणानं बोल हं, उलायुक, मी ऐकतेय," म्हणायची आणि पुढं स्वतःच बोलायची. मी हळूच म्हटलं, "लारिसा, अगं जरा..." तर बोट वर! "आजी! पोरं पुढं, आपण मागं!" मग मला कोपऱ्यात घेऊन रडायला लागली. "ती माझ्याशी बोलतच नाही गं. माझं नाव कापणार..."

आणि मग तो रविवार उजाडला. मार्च सरत आलेला. शेवटच्या दिवसाचं जेवण तळ्यातल्या बेटावर, आणि प्रत्येक पोरानं आपापल्या घरच्यांना तिथवर बर्फावरून चालत न्यायचं. बर्फावरून! मी म्हटलं, माझा गुडघा. लारिसा म्हणाली, "आजी, तू नाही आलीस तर सर म्हणतील हिच्या मागून हिची आजीसुद्धा येत नाही!" काय करता? एका हातात टोपली, तीत लसणाचा सॉसेज, दुसऱ्या हातात काठी, आणि ठेवलं पाऊल. अहो, ते बर्फ बोलतं! खालून गुरगुरतं! जेवून उठलेल्या म्हाताऱ्याच्या पोटासारखं! मी मनातल्या मनात सगळ्या संतांना हाका मारल्या, ज्यांच्याशी माझं भांडण आहे त्यांनासुद्धा.

आता आमच्याकडं काय करतात, नाताळ झाला की वाळकी नाताळची झाडं नेऊन बर्फात रोवतात. तीच वाट. झाडाझाडांनी गेलं की धोका नाही. पण ती वाट जाते मोठा वळसा घेऊन. लारिसानं मागं वळून विचारलं, "आजी, झाडांच्या वाटेनं, की सरळ? तुला तळं ठाऊक आहे ना?" आणि मी... मला तिथं एक क्षणसुद्धा जास्त थांबायचं नव्हतं हो! मी म्हटलं, "ठाऊक? माझं अंगण आहे ते! सरळ चल. तो काळसर पट्टा दिसतोय ना, तिकडून. पुस्तकात लिहिलंय, काळं बर्फ सगळ्यात पक्कं!"

लिहिलंय. खरंच लिहिलंय. फक्त ते थंडीच्या सुरुवातीचं लिहिलंय, आणि थंडी सरताना तेच काळं बर्फ आतून कुजलेलं असतं, हे पान उलटल्यावर होतं.

निघालो. लारिसा पुढं, तोंड चालू. मध्ये मी, आणि मागं उलायुक. आता घाबरलेलं माणूस काय करतं? कुणाला तरी विचारतं. मी मागं वळून म्हटलं, "बर्फ पक्कं आहे ना गं?" नाक मुरडलं. म्हटलं, सॉसेजचा वास येत असेल! "लसणाचा वास येतोय का?" भुवया वर. बरं. चार पावलं गेलो. खालून गुरगुर. "अगं, इथून जाऊ ना?" पुन्हा नाक! म्हटलं, किती नखरे, एवढासा तर लसूण घातलाय! टोपली या हातातून त्या हातात घेतली. आणखी चार पावलं. बर्फ आता पांढरं नाही, ओल्या शिशासारखं. "पोरी... धोका आहे का गं?" तर भुवया अशा वर, अशा वर, की पार टोपीत शिरल्या!

आणि मग तिनं माझा मफलर मागून धरला आणि म्हणाली, "थांबा."

एकच शब्द. पेट्रो उभ्या जन्मात मला 'थांब' म्हणाला आणि मी थांबले, असं कधी झालं नाही. तिथं खांबासारखी उभी राहिले.

ती म्हणाली, "आजी, मी केव्हाची नाही म्हणतेय."

"कधी? तोंड उघडलंस कधी तू?"

तिनं नाक मुरडलं. "हे नाही." मग भुवया वर. "आणि हे हो. आमच्यात असंच."

तुम्हाला सांगते, त्या बर्फावर, मरणाच्या दारात, मला आधी काय आठवलं असेल? पिरोगी! भूक लागलीय का? हो. आवडलं? हो. अजून घालू? नको, पोट भरलं! पोर आठवडाभर किती गोड बोलत होती माझ्याशी! मी म्हटलं, "अगं, मग शब्दानं का नाही बोललीस?" तर म्हणाली, "पहिल्या दिवशी मी विचारलं, घरी फोन करू का? तुम्ही नाक मुरडलंत. मग रोज तुम्ही मला बघून नाक मुरडायचात. मला वाटलं, या आजींना माझं काहीच चालत नाही."

चष्मा हो! मेला तो चष्मा! पोरीनं आठवडाभर आईला फोन केला नव्हता, माझ्या चष्म्यापायी...

रडायला वेळ कुठं होता? पुढून आवाज आला... कर्रर्र... आणि लारिसाचं भाषण थांबलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा थांबलं. एक पाय गुडघ्यापर्यंत आत! माझी नात... माझी एवढीशी नात... आणि मी तिला तिकडं धाडलेलं, पुस्तक वाचून! मी धावायला निघाले, तर त्या पोरीनं मला खाली पाडलं. पाडलं! "आडव्या व्हा, आजी. पोटावर. लारिसा, तूही आडवी हो. हळू. हात पसर." आवाज चढवला नाही हो तिनं, मी पीठ मळताना गप्पा मारते तसं बोलत होती. माझी काठी घेतली, ठोकत ठोकत, सरपटत पुढं गेली, माझा मफलर टाकला. "धर. ओढू नकोस, मी ओढते." पाय निघाला. बूट नाही निघाला. बूट अजून तळ्यात आहे, माशांनी घालावा.

मग वळलो. पुढं उलायुक, तिच्या मागं लारिसा, आणि शेवटी मी, तिघी पोटावर, त्या झाडांच्या वाटेपर्यंत! मी, पारास्का, जिनं बिशपपुढंसुद्धा मान वाकवली नाही, ती नाकानं बर्फ नांगरत सरपटतेय, आणि दातात टोपलीचा कान! जीव गेला तरी सॉसेज टाकायचा नाही. आणि बेटावर सगळं गाव! फेर सर टाळ्या वाजवतायत. "वा! काय सुंदर खेळ रचलाय मुलींनी! विश्वासाचा खेळ!" आणि शेजारची डोरिस, तिचा आवाज तर मेल्यावरही मला ऐकू येईल, "पारास्का, चर्चमध्ये गुडघे टेकवत नाहीस आणि तळ्याला लोटांगण घालतेस होय गं? आणि गुडघा बरा झाला वाटतं!"

पोचलो. लारिसाला घोंगड्यांत गुंडाळलं, शेकोटीपाशी बसवलं. दात वाजतायत, पण उलायुकचा हात सोडेना. सरांनी विचारलं, "पुढारी कोण होतं तुमच्यात?" माझी लारिसा, जी तासभर बोलते ती, काही बोललीच नाही. नुसतं उलायुककडं बघितलं आणि भुवया वर केल्या. सरांना काही कळलं नाही. आम्हा तिघींना कळलं. जोडी जमली. नाव राहिलं.

इथं संपायला हवं होतं ना? मी बसले होते शेकोटीशी, मनात शपथ घेतेय की आता या जन्मी अंगणातल्या डबक्यावरसुद्धा पाय ठेवायची नाही... आणि सर हात हलवत उभे राहिले. "मित्रहो, मुलांबरोबर उत्तरेला एक वडीलधारं माणूस हवंय. आठवडाभर समुद्राच्या बर्फावर मुक्काम! पारास्काबाई, तुमच्यासारखं धाडस कुणाचं? याल ना?"

समुद्राच्या बर्फावर! माझे डोळे पांढरे झाले. आणि भुवया... अहो, दचकल्यावर माणसाच्या भुवया जातात तिथं गेल्या! थेट टोपीत!

आणि ती कार्टी, आठवडाभर जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता ती, ताडकन उभी राहून ओरडली, "आजी हो म्हणाल्या!"

तिला ठाऊक होतं! मी डोळे बघितलेत तिचे, हसत होते लबाड! टाळ्या काय, शिट्ट्या काय, लारिसा गळ्यात काय... मी जीव खाऊन नाक मुरडायला गेले. सगळा जोर लावला. तर नाक हलेल तर शपथ! बर्फावर घासून घासून गारठलेलं, लाकूड झालेलं! मी नुसती बघतेय सगळ्यांकडं, भुवया टोपीत अडकलेल्या, आणि फेर सर नाव लिहून घेतायत...

तर असं आहे. काल तिच्या आईचा फोन आला होता, म्हणाली, घाबरू नका, अस्वलं रोज येत नाहीत. रोज! जाते बापडी. पोरं पुढं, आपण मागं... पण लोकरीची एक टोपी विणून घेतलीय, नाकाची. तिथं मला कुणी काही विचारलंच, तर निदान नाक तरी गरम असायला हवं!